चार बोटं पातं

एखादा लहानसा चाकू स्वतःच्या मापाने करून घ्यावा, असं घरात बोलून दाखवलं की घरची मंडळी आधी आपल्या रक्तदाबाची चौकशी करतात. मग ‘कुणाशी काही बोलाचाली झाली का?’ असं हळूच विचारतात. घड्याळ घेतो म्हटलं, फाउंटन पेन घेतो म्हटलं, तर माणूस हौशी ठरतो. चाकू करून घेतो म्हटलं की तो थेट संशयित होतो.

दोष घरच्यांचा नाही. चाकूची बदनामीच एवढी झाली आहे. सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमाने रामपुरी दाखवला तो खटकन उघडण्यापुरता. खलनायक त्याने सफरचंद कापून खायचा खरा, पण तेही समोरच्याला घाम फुटावा म्हणून. भूक लागली म्हणून नव्हे. अलीकडे पुण्याच्या बातम्यांतल्या ‘कोयता गँग’ने तर शहाळी सोलणाऱ्या निरपराध अवजारालाही पोलीस डायरीत नेऊन बसवलं. सभ्य मराठी पुरुषाच्या हातात चारचौघांत पातं दिसतं ते आयुष्यात एकदाच, बोहल्यावर चढताना. त्या कट्यारीच्या टोकालाही लिंबू टोचलेलं असतं. दृष्ट लागू नये म्हणून, असं वडीलधारे सांगतात. मला तो वधूपक्षाने केलेला बंदोबस्त वाटतो.

खरं म्हणजे धारेचं काहीतरी अंगावर बाळगणं ही आपल्याकडची जुनी आणि अगदी सभ्य सवय आहे. आजोबांच्या पिढीतली चंची उलगडली की पान, सुपारी आणि चुन्याच्या डबीबरोबर अडकित्ता निघायचा. कोकणात बागेकडे निघालेला माणूस कमरेला कोयती लावूनच उंबरा ओलांडतो. गोव्यातला रेंदेर काती घेऊन माडावर चढतो. त्यांच्या रक्तदाबाची चौकशी कुणी करत नाही, कारण त्यांच्याकडे पाहिलं की ते पातं कशासाठी आहे हे कळतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि पहिल्या मजल्यावरही लिफ्टने जाणाऱ्या माणसाला मात्र ते आधी सिद्ध करावं लागतं.

म्हणून मी यादीपासून सुरुवात केली. दिवसभरात आपण कापतो तरी काय? प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना माणूस हमखास बढाया मारतो. माझा भाचा डिझाइनचं शिक्षण घेतो. माझा बेत ऐकताच त्याने संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर चित्र काढून आणलं. सहा इंची पातं, पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ आणि त्या पोकळीत होकायंत्र.

“मामा, समज तू जंगलात हरवलास तर?”

“अरे, मी मंडईत हरवतो. तिथे उत्तर दिशा कळून काय करू?”

त्यावर त्याने होकायंत्र काढलं. करवत मात्र ‘असू दे रे’ म्हणून ठेवली.

माझी यादी अशी झाली. कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी. दुधाच्या पिशवीचा कोपरा. नव्या शर्टाच्या कॉलरला लेबल धरून बसलेला प्लॅस्टिकचा दोरा. हारपुडीची सुतळी. पेन्सिल. गाडीवर घेतलेला पेरू, ज्याला मीठ-तिखट आपल्या मर्जीने लावायचं असतं. चैत्रात कैरी, श्रावणात केळीचं पान. आणि चिवड्याची ती पुडी, जिच्यावर ‘येथून फाडा’ असं छापलेलं असतं आणि जी तेवढी एक जागा सोडून सगळीकडून फाटते. यादी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात वाघ नव्हता, दोरखंड नव्हता, तंबू नव्हता. सगळ्यात दांडगं जनावर म्हणजे पेरू.

आपल्या कल्पनेतल्या चाकूला पेरू पुरत नाही, हीच पंचाईत आहे. शाळेच्या इतिहासात आपण बिचवा आणि वाघनखं शिकलो. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली जे झालं ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी दोन्हीकडच्या छावण्यांत कांदे कुणी चिरले आणि कशाने चिरले, हे विचारायचं आपल्या वर्गात कुणालाच सुचलं नाही. आपल्या वाट्याला अफजलखान येत नाही, कांदाच येतो. तरी चाकूचं चित्र काढायला बसलं की हात बिचव्याकडे वळतो.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचा एक किडकिडीत गृहस्थ होता. ‘नेसमुक’ या टोपणनावाने तो लिहायचा आणि हलकी होडी घेऊन रानावनात हिंडायचा. १८८४ साली आलेल्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात त्याने बाजारात मिळणाऱ्या जाडजूड शिकारी सुऱ्यांची यथेच्छ टिंगल केली आहे. त्याची स्वतःची सुरी पातळ पात्याची होती. रानात खरोखर राहणारा माणूस पातळ सुरी बाळगतो आणि रान पडद्यावर पाहणारा जाड सुरी विकत घेतो, हा नियम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

“एवढंच कापायचं तर घडीचा चाकू घे की, बाजारात ढिगाने मिळतात,” असं बायको म्हणाली. बोलणं बिनतोड होतं. पण घडीच्या चाकूला सांधा असतो, आणि जगातली बहुतेक दुखणी सांध्याची असतात. पेरूची बी त्या खाचेत जाऊन बसते, आंब्याचा रस आत सुकतो, आणि पुढच्या वेळी चाकू उघडताना आधी नख तुटतं. एका हातात पिशवी असली तर तो उघडतच नाही. मिटताना बोट मध्ये आलं तर मिटतही नाही. उलट न मिटणारा चाकू नळाखाली धरला, धोतराच्या सोग्याला किंवा रुमालाला पुसला की काम संपलं. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, कारण त्यात हलण्यासारखंच काही नाही.

मात्र न मिटणाऱ्या पात्याकडे जग जरा कडक नजरेने बघतं. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतचा, सहज मिटणारा खिशातला चाकू बाळगायला मुभा आहे. न मिटणारा असेल तर तो केवढाही लहान असो, बाळगण्याचं सबळ कारण दाखवावं लागतं. आपल्याकडे शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात, आणि त्यातूनही घरगुती वा शेतीच्या कामाची अवजारं वगळलेली आहेत. पेरूच्या चाकूची त्या यादीपुढे काय मातब्बरी! सरकारदरबारी तो फळफळावळ खात्यातच जमा व्हावा.

आता पातं घडवायला लोहार हवा. आठवडी बाजाराच्या गावाबाहेर घिसाड्यांचं एक पाल पडलं होतं. दादा सांडशीत लोखंड धरून बसलेले, आणि त्यांची कारभारीण उभी राहून घण मारत होती. घिसाड्यांमध्ये घण बाईच्या हातात असतो. बसून ठोकायची ती हातोडी तेवढी पुरुषाच्या. दादांनी भाच्याच्या चित्राचा कागद घेतला, उलटा धरला, तसाच नीट पाहिला आणि दोन प्रश्न विचारले.

“कापायचं काय?”

मी यादी सांगितली. पेरूपाशी आल्यावर बाईंनी घण खाली ठेवला आणि पदराने घाम पुसत म्हणाल्या, “ह्यानं कोंबडीबी मरायची न्हाई.” मी म्हटलं, “बरोबर, तेवढाच हवा.”

दादांचा दुसरा प्रश्न होता, “ठेवणार कुठं?”

भाच्याच्या चित्रात या प्रश्नाला जागाच नव्हती. पातं होतं, मूठ होती, धारेचा कोन होता. चाकू राहणार कुठे याचा पत्ता नव्हता. आणि चाकूच्या सगळ्या मापांचं मूळ तर त्या पत्त्यात असतं. घरी राहिलेला चाकू कितीही उत्तम असला तरी बाजारात पेरू दातानेच तोडावा लागतो.

कोकणातल्या माणसाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. तो कमरेच्या मागे दोरीने एक लाकडी आकडी बांधतो आणि कोयती तिच्यात अडकवतो. दोन्ही हात माडाला मोकळे राहतात. वर पोचल्यावर मागे न बघता हात जातो तो नेमका मुठीवरच. कोयतीचं वजन, तिचा बाक, मुठीची लांबी हे सगळं त्या आकडीशी जमवून घेतलेलं असतं. युरोपातही यापेक्षा वेगळं काही घडलं नाही. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. त्याला आता ओत्झी म्हणतात आणि तो इटलीत बोल्झानोच्या संग्रहालयात असतो. त्याच्याकडे गारगोटीच्या पात्याचा आणि ॲश लाकडाच्या मुठीचा चाकू होता. मुठीसकट लांबी अवघी वीतभराच्या आत, साधारण १३ सेंटिमीटर. त्या चाकूला झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्यांनी विणलेलं म्यान होतं, आणि म्यानाला कमरेशी अडकवायची सोयही होती. लोखंड अजून यायचं होतं, पण ‘ठेवणार कुठं’ याचं उत्तर तयार होतं.

दादांचा प्रश्न मनात ठेवून मापं घेतली तेव्हा ती आपोआप पडत गेली. चाकू कमरेला राहणार, आणि त्या कमरेने रिक्षात बसायचं, स्कूटर चालवायची, सत्यनारायणाला मांडी घालायची. पातं लांब झालं की वाकताना बरगडीत टोचतं आणि बसताना सीट फाडतं. म्हणून पातं चार बोटं, म्हणजे सात सेंटिमीटरच्या आसपास. मूठ मात्र पातं लहान म्हणून लहान करायची नाही. सगळी बोटं तिच्यावर बसलीच पाहिजेत. दोन बोटांत धरायच्या नाजूक मुठीचे चाकू दुकानाच्या काचेत गोड दिसतात, पण बाठ्याशी गाठ पडली की हातात फिरतात.

मूठ गोल नको, लांबट अंडाकृती हवी. कारण अंधारात, ओल्या हाताने, न बघता उचलली तरी धार कोणत्या बाजूला आहे ते तळव्याला कळलं पाहिजे. पुठ्ठ्याचा नमुना करून झाल्यावर लाकडाचा एक नमुना केला आणि घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून धरायला दिला. सासूबाईंनी डोळे मिटले, मूठ दाबली आणि म्हणाल्या, “उलथनं चांगलं होईल याचं.” मुठीला मिळालेलं ते प्रशस्तिपत्र आहे असं मी मानतो.

जाडीबद्दल भाच्याशी बराच वाद झाला. त्याला पाच मिलिमीटर हवी होती, ‘मजबुतीसाठी’. पण जाड पातं पेरू चिरत नाही, पाचर मारल्यासारखं तो फोडतं. दोन मिलिमीटर पाठ आणि तिथून धारेपर्यंत सपाट उतार, एवढं पुरतं. टोकाचाही प्रश्न होता. सुईसारखं टोक खुपसायला बरं. आपल्याला खुपसायचं नाही. खोक्याची पट्टी कापताना ते आतल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठातही शिरतं. म्हणून पाठ पुढे जाऊन हलकेच खाली वाकवली आणि टोक मध्यावर आणलं. अमेरिकेतले नामांकित चाकूकार बॉब लव्हलेस यांच्या सुऱ्यांमुळे हा आकार जगभर गाजला. आमच्याकडे त्याला नारळाची शेंडी उपटायला सोयीचा म्हणून मान्यता मिळाली. बोट धारेवर सरकू नये म्हणून आडवी पट्टी लावली नाही. पात्याची टाच मुठीच्या जरा खाली उतरवली, बोट तिथेच अडतं. टाचेपाशी एक बारीक खाच ठेवली, म्हणजे धार लावताना दगड शेवटपर्यंत जातो. त्या खाचेचं सौंदर्य बाजारातल्या कुणाला दिसत नाही, पण चाकू दर महिन्याला तिचे आभार मानतो.

पोलादासाठी दादांनी ढिगातून ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा उचलला. हजारो खड्डे पचवलेलं ते पोलाद. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर टिकलं ते पेरूपुढे कसं हरेल? भट्टीत पातं लाल झालं की भाचा त्याला चुंबक लावून बघायचा. पोलाद साधारण ७७० अंशांवर गेलं की चुंबकाला जुमानत नाही, आणि त्यानंतर आणखी थोडं तापवून ते बुडवायचं असतं. दादा चुंबकाकडे न बघता रंग बघायचे आणि नेमके त्याच सुमारास ‘आता’ म्हणायचे. मग पातं तेलात बुडवलं. पाणी चढवणं म्हणतात ते हेच, तेलात बुडवलं तरी. पाणी जास्त कडक चढलं तर धारेचा तुकडा उडतो. मऊ राहिलं तर धार वळते. म्हणून नंतर पातं पुन्हा मंद तापवायचं, दोनशे अंशांच्या आसपास, घासून पांढऱ्या केलेल्या भागावर पिवळसर छटा येईपर्यंत. ती पुढे सरकून निळी झाली की पातं कमानीचं, धारेचं नव्हे. दारावर सायकल लावून ‘धाऽर’ करणारे धारवाले कधी कधी कोरड्या चाकावर पातं इतकं दाबतात की धार निळी पडते. ती निळाई दिसली की समजावं, चढवलेलं पाणी उतरलं.

“स्टीलचा का नाही केला? गंजणार हा,” असं शेजारी म्हणाले. गंजेल. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफिल्डमध्ये १९१३ साली न गंजणारं पोलाद केलं, त्याबद्दल साऱ्या स्वयंपाकघरांनी त्यांचं ऋणी असावं. पण आमच्या घरची विळी लोखंडी होती, आणि तिच्यावर केळफूल चिरलं, आवळा चिरला की पातं काळं व्हायचं, बोटंही काळी व्हायची. केळफुलातलं, आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी संसार थाटतं, त्याचा तो रंग. माझ्या चाकूचंही पातं पहिल्याच कैरीने करड्या-निळ्या ढगांनी भरलं. ते पुसायला जाऊ नये. तो थर एकदा बसला की तांबडा गंज जरा लांब राहतो. वर खोबरेल तेलाचं एक बोट फिरवलं की झालं. धार मात्र या पोलादाला झटकन लागते. चपट्या दगडावर चार हात मारले की पुन्हा पेरू घाबरतो.

म्यान शिवायला गेलो ते कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या कारागिराकडे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं ते चामडं भिजवलं की आकार घेतं आणि वाळलं की तो सोडत नाही. माझ्या मनात फिनलंडच्या पुक्कोचं म्यान होतं. तिथे शतकानुशतकं माणसं लहान सुरी कमरेला लटकवून हिंडत आली आहेत, आणि त्यांचं म्यान पात्याबरोबर निम्मी मूठही गिळतं. त्यामुळे बटण लागत नाही, पट्टा लागत नाही. घट्ट बसलेली मूठच स्वतःला धरून ठेवते. कारागिराला फिनलंड सांगावं लागलं नाही. त्याने आपली रापी दाखवली. चामडं कापायची ती रापीसुद्धा चामड्याच्याच एका तुकड्यात निजलेली होती. “धारेच्या बाजूला एक जादा पट्टी घालतो, सर. न्हाईतर पातं टाकेच कापतंय,” एवढंच तो म्हणाला. सगळ्या चाकूत मला सर्वात जास्त आवडलेली गोष्ट ती पट्टी आहे. ती कधीच दिसत नाही. शिवून, भिजवून, पात्यावर दाबून, वाळवून झाल्यावर त्याने म्यान उलटं धरून झटकलं. चाकू पडला नाही. मग अंगठ्याने कडेला रेटा दिला, चाकू निघाला. माझ्या लेखी डिझाइनची परीक्षा तिथे संपली.

आता घरात या चाकूला मान आहे. शोकेसमधला नव्हे; ‘तुझा तो कुठाय?’ असा. बायको कुरिअर आलं की मला हाक मारते, आणि ती हाक माझ्यासाठी नसते हे मला ठाऊक आहे. खंडेनवमीला त्याच्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल पडतं. भाच्याने त्याचा फोटो आपल्या प्रकल्पात लावला आणि खाली ‘किमान हस्तक्षेपाचं तत्त्वज्ञान’ असं लिहिलं. त्याला चांगले गुण मिळाले. घिसाडीणबाईंना यातलं एक पैशाचंही श्रेय गेलेलं नाही, म्हणून ते इथे देतो: ‘ह्यानं कोंबडीबी मरायची न्हाई’ हे त्या तत्त्वज्ञानाचं मूळ सूत्र आहे.

तेव्हा तुम्हालाही कधी ही लहर आली तर आधी यादी करा, मग म्यान ठरवा, आणि पातं सगळ्यात शेवटी घडवा. यादीत वाघ शिरला असेल तर खोडून टाका. ओला चाकू म्यानात घालू नका. विमानात जाताना तो हातातल्या बॅगेत नको. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली गावात मनाई आदेश लागला असेल तेव्हा तो घरीच ठेवा; पेरू दोन दिवस दाताने खाल्ला तर काही बिघडत नाही. आणि कुणी चाकू मागितला तर हातात देऊ नका, टेबलावर ठेवा आणि ज्याला हवा त्याला उचलू द्या. हातात दिल्याने भांडण होतं असं जुनी माणसं सांगतात. त्यांचं भांडणापुरतं सोडून द्या. टेबलावर ठेवल्याने बोट मात्र नक्की वाचतं.